याच खुणेने

"चहा नाही, कॉफी नाही, बिअर नाही. मग तू बेस वाजवतेस तरी कशाच्या जोरावर?" फारूखनं विचारलं.

"दुधाच्या," मी म्हणाले.

"सलील, हिला आपण सैतानाच्या संगीतात घेतलंच कसं रे?"

"सैतानाला बेस वाजवणारं दुसरं कोणी मिळत नव्हतं," सलील म्हणाला आणि गिटारची तार पिळत बसला.

एरंडवण्यात सलीलच्या काकांचं गॅरेज होतं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. दर शनिवारी दुपारी आम्ही तिथं मेटल, म्हणजे रॉकमधलं सगळ्यात कर्कश संगीत, वाजवायचो. सलील गिटार आणि गाणं, फारूख ड्रम्स, मी बेस, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. फ्रीजमध्ये त्या दोघांची बिअर असायची आणि माझ्यासाठी कोकमची बाटली. पुढच्या शनिवारी एका इंजिनिअरिंग कॉलेजात कार्यक्रम होता, म्हणून त्या दिवशी सराव लांबला. मी प्रयोगशाळेतून थेट आले होते. काळ्या टी-शर्टची बाही तिथल्या बेसिनमध्ये घाईनं धुतली होती, ती अजून ओली होती.

"ही बाई उद्या सकाळी चर्चमध्ये स्तोत्रं वाजवणार," फारूख म्हणाला. "हीच बोटं."

"उद्या बढतीपण आहे माझी," मी म्हणाले. "मुलींची पुढारी."

"कवटीचा टी-शर्ट घालून?"

"साडी नेसून."

मी मॉर्मन आहे. हे सांगितलं की पुण्यात लोक आधी विचारतात, म्हणजे त्या चार-चार बायका करणारे का. ते कधीच बंद झालं असं सांगितलं की त्यांचा रस संपतो. आम्ही होतोच किती. पिंपरीत टायरच्या दुकानावर एक मोठी खोली आणि बोळाच्या टोकाला एक छोटी, अशी जागा भाड्यानं घेतलेली होती, त्या मोठ्या खोलीत आमच्या चर्चची सगळी शाखा मावायची. इतर ख्रिस्ती लोक आम्हाला ख्रिस्ती मानत नव्हते, आणि त्या खोलीतले लोक मला जरा सांभाळून घ्यायचे. मी दारू, चहा, कॉफी घेत नव्हते, महिन्यातून एका रविवारी उपवास पाळत होते, रविवारी कार्यक्रम घेत नव्हते. पण शनिवारी काय वाजवते ते सगळ्यांना माहीत होतं. कीबोर्डवर स्तोत्र सुरू झालं की शाखाध्यक्ष ब्रदर लोंढे व्यासपीठावरून हळूच म्हणायचे, "डावा हात जरा बेतानं, सिस्टर."

डावा हात मला बाबांकडून आला होता. बाबा खडकीला मिलिटरी बँडात ट्यूबा वाजवायचे. ते सगळ्यात मोठं, सगळ्यात खालच्या सुराचं पितळी वाद्य. लहानपणी मी त्याच्या पत्र्याला पाठ लावून बसायचे. सूर कानाला कमी आणि पोटात जास्त ऐकू यायचा. मी शाळेत असतानाच बाबा काविळीनं गेले. त्यानंतर तसा आवाज मला एकदम कॉलेजात, कोणाच्या तरी खोलीतल्या स्पीकरमधून ऐकू आला, आणि मी दारात उभीच राहिले. पुढचं सगळं त्यातून झालं.

आईचं मॉर्मन होणंही बाबांमुळेच. ते गेल्यावर काही महिन्यांनी पांढरे शर्ट, टाय आणि छातीवर नावाची पट्टी लावलेली दोन अमेरिकन पोरं दारात आली. तोडक्यामोडक्या मराठीत त्यांनी पुष्कळ काही सांगितलं. आईनं त्यातली एकच गोष्ट धरून ठेवली. लग्न मरणापाशी संपायलाच हवं असं नाही. मंदिरात विधी केला तर नवराबायको, आईबाप आणि मुलं कायमची जोडली जातात, एक जण आधीच गेलेला असला तरी. आईच्या आजोबांनी नगरच्या चर्चला बाक दिले होते. त्या बाकांवरून ती उठली ती या गोष्टीसाठी.

मंदिर पुण्यात नव्हतं, भारतातच नव्हतं. जवळचं म्हणजे हाँगकाँग. त्या ऑक्टोबरात शाखेतली काही माणसं तिकडे जाणार होती. आई बाबांशी जोडली जाणार होती आणि मी त्या दोघांशी. आईनं शाळेत शिकवून आल्यावर बसून दोन पांढरे झगे शिवले होते, तिचा आणि माझा. कपाटात ते एकाच हँगरवर होते. जाण्यासाठी शाखाध्यक्षांचा परवाना लागायचा, आणि तो मुलाखतीशिवाय मिळायचा नाही. आपण नियम पाळतो का, खरं बोलतो का, हे त्यात विचारलं जायचं.

मुलींचं काम देण्याआधी ब्रदर लोंढ्यांनी मला बोलावलं होतं. दारूगोळा कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला माणूस. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची सवय.

"त्या गाण्यांत शिव्या असतात?" त्यांनी विचारलं.

"काहींत. ती आम्ही घेत नाही."

"आणि ती कवटी कशाला शर्टावर?"

"कवटी सगळ्यांनाच असते, ब्रदर."

ते हसले. मग म्हणाले, "मुलींना तुझ्यासारखं कोणीतरी हवंय. नुसतं नको-नको ऐकून त्या कंटाळतात. मी तुझं नाव मांडतो."

त्या शनिवारी सरावाहून घरी आले तेव्हा आई दिवा लावून वाट पाहत होती. दुसऱ्या दिवशी उपवासाचा रविवार, त्यामुळे रात्रीचं जेवण नव्हतं.

"कपडे बादलीत टाक," ती म्हणाली. "मी धुते. साडी इस्त्री करून ठेवलीय."

मी आंघोळ करून बाहेर आले. आई मोरीत उकिडवी बसली होती. नळ बंद होता आणि माझा टी-शर्ट तिच्या हातात होता.

"कुठं होतीस आज?"

"प्रयोगशाळेत. मग सरावाला."

"बाकी कुठं नाही?"

"बाकी कुठं जाणार?"

तिनं नळ सोडला. टी-शर्ट तिनं धुतला, पिळला, आणि परत साबण लावून धुतला. कवटीवर राग काढतेय, असं मला वाटलं. बँड तिला कधीच आवडला नव्हता. ती भांडायची नाही, फक्त बेसच्या पेटीवर चादर घालून ठेवायची.

रविवारी खोली भरलेली होती. मी कीबोर्डशी, लोकांकडे तोंड करून बसले होते. आई तिसऱ्या रांगेत. ब्रदर लोंढ्यांनी माझं नाव वाचलं.

"सिस्टर प्रिस्किला पारधे यांना मुलींच्या कामासाठी नेमावं, असं आम्ही सुचवतो. ज्यांचं अनुमोदन आहे त्यांनी उजवा हात वर करावा."

हात वर झाले. शेवटच्या रांगेतल्या मुलींनी दोन-दोन हात वर केले.

"कोणाचा विरोध असल्यास याच खुणेने दाखवावा."

हे वाक्य आमच्याकडे दर नेमणुकीला म्हणतात. ते म्हणायचंच असतं म्हणून म्हणतात. ते संपायच्या आत माणसं खाली बघून पुस्तकाचं पान काढायला लागतात. इतक्या वर्षांत या वाक्यावर कोणी हात वर केलेला मी पाहिला नव्हता. ब्रदर लोंढेही पुढच्या कागदाकडे वळले होते.

तिसऱ्या रांगेत एक हात वर होता. त्याला बाबांचं घड्याळ होतं. पट्टा सैल असल्यामुळे घड्याळ मनगटावरून घसरून कोपराकडे गेलं.

ब्रदर लोंढ्यांनी चष्मा वर सरकवला. आई समोर बघत होती, माझ्याकडे नाही.

"ठीक आहे, सिस्टर पारधे," ते म्हणाले. "सभेनंतर आपण बोलू." मग त्यांनी स्तोत्राचा आकडा सांगितला.

मी स्तोत्र वाजवलं. डावा हात मांडीवरच राहिला.

सभेनंतर आई आधी आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि बोळातल्या खुर्चीवर बसली. मग मला बोलावलं. अध्यक्षांच्या खोलीच्या दाराला काच होती. त्या काचेतून आईची पाठ आणि अंबाडा दिसत होता.

"बस," ब्रदर लोंढे म्हणाले. "आई म्हणतात, तू पितेस."

"काय पिते?"

"बिअर. काल पिऊन आलीस म्हणतात."

मला आधी हसू आलं. मग त्यांचा चेहरा पाहून ते गेलं.

"आईनं पाहिलं मला?"

"मीही हेच विचारलं. त्या म्हणाल्या, मला ठाऊक आहे. कशावरून, ते सांगत नाहीत. सारखं तेवढंच. मला ठाऊक आहे."

मी पदर सावरला.

"तू नाही म्हण, पोरी, मी ऐकतो," ते म्हणाले. "तुला मी शाळेपासून ओळखतो. पण मग मला त्यांना परत आत बोलवावं लागेल. भर सभेत हात वर केलाय त्यांनी. पोटच्या मुलीवर खोटा आळ घेतला असेल, तर ऑक्टोबरचा परवाना मी कोणत्या तोंडानं देऊ? त्यांच्यासारख्या बाईनं असं का करावं, हे माझ्या डोक्यात येत नाही."

माझ्या डोक्यात आलं होतं, किंवा मला तसं वाटलं. मला पुराव्यावरून निष्कर्ष काढायची सवय आहे. मी पीत नव्हते. आईला ते माहीत होतं, निदान उलटं काही माहीत असणं शक्य नव्हतं. आईला बँड नको होता. म्हणजे बँड तोडण्यासाठी ती इथपर्यंत आली होती. दुसरं काही त्या माहितीत बसत नव्हतं.

मी काचेतून तिच्याकडे पाहिलं. ती ताठ बसली होती. बाबा गेल्यापासून तिनं जे काही केलं होतं ते ऑक्टोबरसाठी. मी "नाही" म्हटलं असतं तर तिचं ते गेलं असतं. "हो" म्हटलं तर माझं जाणार होतं. मला वाटलं, माझ्यापुढे वेळ आहे.

"हो," मी म्हणाले. "घेते."

ब्रदर लोंढ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कधीपासून?"

"झाले काही महिने. सरावानंतर."

"आवडते?"

"नाही. सगळे घेतात म्हणून."

खोट्याला तपशील लागतात. ते मला सहज सुचत गेले, याचंच आश्चर्य वाटलं.

"एक वर्ष जाऊ दे," ते म्हणाले. "सोड. पश्चात्ताप कर. पुढच्या वर्षी तुझा परवाना मी स्वतः लिहीन. मुलींचं काम... ते आता नाही देता येणार."

परत येताना आई स्कूटीवर माझ्या मागे बसली होती. दापोडीच्या पुलावर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हो म्हणालीस?"

"म्हणाले."

"बरं केलंस," आई म्हणाली.

ते "बरं केलंस" मी गिळलं, पण पचवलं नाही. त्यानंतर मी घरात लागेल तेवढंच बोलायला लागले. जेवायला वाढ. दूध उतू जातंय. मी निघते.

पुढच्या शनिवारी कार्यक्रम झाला. मैदान पोरांनी भरलं होतं. स्पीकरच्या इतकी जवळ मी उभी राहिले की दात हलत होते. त्या दिवशी वाजवलं तसं मी आधी किंवा नंतर कधी वाजवलं नाही. संपल्यावर स्टेजमागे त्या दोघांना काय झालं ते सांगितलं.

"मग आता पी तरी," फारूख म्हणाला. "शिक्षा झालेलीच आहे, गुन्हा तेवढा राहिलाय."

त्यानं ग्लास भरून हातात दिला. मी नाकाशी नेला.

"आमच्या प्रयोगशाळेसारखा वास येतो याला," मी म्हणाले.

"मग सवय आहेच की."

मी ग्लास खाली ठेवला आणि कोकम घेतलं. सलील म्हणाला, "तू फुकट बदनाम आहेस, पारधे." तिघंही हसलो.

ऑक्टोबरमध्ये आई गेली. विधीत बाबांच्या जागी ब्रदर लोंढे उभे राहिले, असं तिनं आल्यावर सांगितलं. आत काय झालं ते बाहेर सांगायचं नसतं, म्हणून अधिक काही बोलली नाही. मंदिराच्या पायऱ्यांवरचा तिचा एक फोटो होता. तिला इतकी तरुण दिसताना मी पाहिलं नव्हतं. दुसरा झगा कपाटात हँगरवर तसाच होता. तिनं कागद गुंडाळून तो वरच्या फळीवर ठेवला. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी ब्रदर लोंढ्यांनी निरोप पाठवला. मी गेले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. जे केलंच नाही त्याचा पश्चात्ताप कसा करायचा, ते मला कळत नव्हतं. आणि केला असं सांगायचं तर आणखी एक खोटं बोलावं लागलं असतं, तेही परवान्यासाठी. हळूहळू रविवारही सुटले. कीबोर्ड दुसरी एक मुलगी वाजवायला लागली. ब्रदर लोंढे गेले तेव्हा मी मागच्या रांगेत बसून आले. सलीलचं लग्न झालं, फारूख दुबईला गेला, गॅरेजात काकांनी परत गाडी लावली. चहा-कॉफी मात्र मी आजही घेत नाही. कोणी विचारलं तर आवडत नाही म्हणते.

आई आता माझ्याकडे असते. डोळ्यांनी कमी दिसतं तिला. रविवारी मी तिला रिक्षानं सोडते आणि बाहेर थांबते.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी मी प्रयोगशाळेतून आले. नव्या मुलाच्या हातून फ्लास्क निसटला होता आणि माझा ॲप्रन भिजला होता. तो पिशवीतून काढून मी खुर्चीवर टाकला. आई तिथंच भाजी निवडत बसली होती. तिनं हात पुसले, ॲप्रन चाचपला, आणि बाही नाकाशी नेली.

"अजून सोडली नाहीस तू," ती म्हणाली.

"काय?"

"मी काही म्हणत नाही आता. वय झालं तुझं. तब्येतीला जप, एवढंच."

मी तिच्यासमोर बसले. "काय सोडली नाही, आई?"

"तुझे बाबा असेच यायचे. कँटीनमधून. बाहीला हाच वास." ती मेथीची पानं खुडत राहिली. "कावीळ झाली म्हणून सांगितलं तुला. कावीळच होती. कशानं झाली ते नाही सांगितलं. लहान होतीस, आणि त्या ट्यूबाला चिकटून बसायचीस."

मला एकदम मोरी आठवली. बंद नळ, तिच्या हातातला काळा टी-शर्ट.

"त्या दिवशी तू वासावरून..."

"वासावरूनच. माझं नाक चुकत नाही या बाबतीत."

"ब्रदर लोंढ्यांना का नाही सांगितलंस तसं?"

"कसा ओळखलात वास, असं त्यांनी विचारलं असतं. आणि तुझ्या बाबांचं नाव तेव्हा मंदिराच्या कागदावर होतं." तिनं मेथीची दुसरी जुडी सोडली. "वर तिकडे दारू मिळत नाही म्हणतात. तेवढंच बरंय."

"मला विचारायचंस, आई. मला का नाही विचारलंस?"

"त्यांना मी विचारायचे ना. दारातच विचारायचे. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते नाही म्हणायचे. हा वास येत असायचा आणि वरून नाही म्हणायचे." तिनं काड्या बाजूला केल्या. "तुला विचारलं असतं आणि तूही तसंच नाही म्हणाली असतीस, तर मला सहन झालं नसतं. म्हणून देवाच्या घरात हात वर केला. म्हटलं, तिथं तरी ही खरं बोलेल. आणि बोललीस. बाहेर खुर्चीवर बसून मी देवाचे आभार मानले. पोर बापावर गेली, पण जीभ तिनं माझी घेतली."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"आई, नीट ऐक," मी म्हणाले. "हा बिअरचा वास नाही. आम्ही यीस्ट वाढवतो. माल्ट, म्हणजे मोड आलेल्या जवाचं सत्त्व, घातलेल्या पाण्यात वाढवतो. बिअरमध्येही यीस्ट आणि माल्टच असतं, म्हणून वास सारखा येतो. तुझं नाक चुकलं नाही. आज फ्लास्क फुटला. त्या शनिवारीही फुटला होता. बाहीवर सांडलं, मी तिथंच धुतलं आणि सरावाला गेले. मी कधी घेतली नाही. तेव्हाही नाही आणि त्यानंतरही नाही. एक घोटसुद्धा नाही. लोंढ्यांना मी हो म्हणाले, कारण मला वाटलं तू खोटं बोललीस, आणि तुझं हाँगकाँग जाईल."

ती सगळं ऐकत होती. मान किंचित वाकडी करून, मधे न बोलता. असं ऐकायची तिला फार जुनी सवय असावी. मग तिनं हात पुढे करून माझा हात शोधला आणि त्यावर हलकेच थोपटलं.

"तेसुद्धा असंच सांगायचे," आई म्हणाली. "कोणाच्या तरी हातून अंगावर सांडली म्हणून."

तिनं ॲप्रनची घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"जा, बादलीत टाक. मी धुते."